लालीबाई बसली का फ्यूज जाते

नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, रपट्याच्या, उतारावर रूपसिंगनं ब्रेक दाबला आणि गाडी मेली. ना आवाज, ना धक्का. समोरचा हिरवा दिवा गेला, हॉर्न गेला, उतार होता म्हणून चाकं तेवढी फिरत राहिली. रूपसिंगनं गाडी पाण्याच्या अलीकडं कडेला घेतली आणि पाय टेकवून तसाच बसून राहिला. मागं लालीबाई होती. तिनं कानाला बांधलेला रुमाल सोडला, पुन्हा बांधला.

"गेला," रूपसिंग म्हणाला.

"फ्यूज?"

"मंग काय."

सकाळचे साडेसहा वाजले होते. कापूस फुटायचे दिवस, त्यामुळं थंडी अशी की हँडल धरून बोटं आखडलेली. रूपसिंगनं बाजूचं झाकण खोललं, जळालेला फ्यूज काढून तोंडाजवळ धरला. आतली तार तुटून काळी झाली होती. खिशात दोन नवे होते. एक लावला, चावी फिरवली, हिरवा दिवा लागला. पुढच्या गावच्या गतिरोधकावर तो गेला. दुसरा गेला तो त्याच्याही पुढं, आडवी गाय आली तेव्हा. मग खिशात काही उरलं नाही आणि आठच्या नंबराचं जे व्हायचं ते झालं.

नंबर म्हणजे दवाखान्यातला. लालीबाईच्या दोन्ही किडन्या मागच्या दिवाळीला बसल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात तिचं रक्त मशीनवर धुवून घ्यायचं, चार तास. चुकवलं की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, मग श्वास लागतो. मोहाचा तांडा ते डांबरी फाटा सहा किलोमीटर, फाट्यापासून यवतमाळ चाळीसेक. पहिली एसटी फाट्यावर नऊला, तीही आली तर. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि सहा किलोमीटर चालायचं लालीबाईच्या पायांत राहिलं नव्हतं. एकुलता एक शाम बायकोला घेऊन पुण्याच्या कंपनीत. तेव्हा सगळा भरवसा त्या एका गाडीवर होता, आणि गाडीनं महिनाभरापासून हे असले धंदे मांडले होते.

त्या दिवशी कापसाच्या टेंपोवाल्यानं दोघांना केबिनमध्ये घेतलं. पोचले साडेदहाला. सिस्टर बिचारी भली होती. "नंबर पुढं गेला, आजी. बसा, दुपारी एक मशीन रिकामी होईल," एवढंच म्हणाली. लालीबाईचं वय अठ्ठेचाळीस. आजी म्हटलं की रूपसिंगला राग यायचा, पण चेहऱ्याकडं पाहिल्यावर सिस्टरला तरी काय बोलावं. घरी यायला दिवस बुडाला.

शनिवारी रूपसिंगनं गाडी फाट्यावर अंकुरकडं नेली. अंकुर म्हणजे हुशार मिस्त्री, दोन टिनांचं दुकान आणि दारात कडुनिंब. तालुक्यातल्या अर्ध्या गाड्यांच्या नाड्या त्याला पाठ. त्यानं आधी सीट काढली आणि हातात धरून पाहतच राहिला.

"काका, सीट तं नवरीवानी सजवली तुमी."

सजवली होती खरी. बसून बसून लालीबाईचं अंग दुखायचं, म्हणून पावसाळ्यात तिनं घरीच जाड खोळ शिवली. जुन्या फेटियाचे लाल-निळे तुकडे, त्यावर आरसे, कडेला कवड्या, आत गोधडीचे चार पदर. तांड्यातल्या बायका आता साड्या नेसतात, फेटिया-कांचळी हा घागरा-चोळीचा जोड लग्नापुरता उरला. पण लालीबाईचा हात काही थांबला नव्हता. मशीनवर डावा हात मोकळा असता तर मी तिथंबी टाके घातले असते, असं ती म्हणायची.

अंकुरनं सीट कडुनिंबाला टेकवून ठेवली आणि वायर न् वायर तपासली. हेडलाइट खोलला, हँडलखालचा जुडगा सोडला, बॅटरी पाहिली, हॉर्न काढून पाहिला. दीड तास गेला. काही सापडलं नाही. सगळं जोडून तो दारव्ह्याच्या रस्त्यानं दणदण फिरवून आला, चार वेळा करकचून ब्रेक मारले. फ्यूज जिथल्या तिथं.

"ओके आहे गाडी. काका, तुमी एकटे असले का जाते का फ्यूज?"

रूपसिंगनं सीटवरची धूळ झटकली. खोटं बोलायचं कारण नव्हतं, पण खरं बोलायला जीभ उचलेना.

"नाई. बाजारात गेलतो, कृषी केंद्रात गेलतो, कवाच नाई गेला. शामची माय मागं बसली काच जाते."

बाकड्यावर चहा पिणारे दोघं होते, ते हसले. एकजण म्हणाला, "वहिनीले तोलून पाह्य एकदा." अंकुरही हसला. रूपसिंगनंही ओठ ताणले, पैसे दिले आणि निघाला. फाट्यावरची गोष्ट तांड्यात पोचायला किती वेळ लागतो? तो घरी यायच्या आधी पोचली होती.

रविवारी घरच्या तीन एकरांत वेचणी होती. चार बायका मजुरीनं, शिवाय लालीबाई. तिला रूपसिंग नको म्हणायचा, पण घरात बसली की तिला तहान आठवायची. दिवसाचं पाणी मोजून दोन पेले. बाकी वेळ तोंडात लवंग. कमरेला लहानशी ओटी बांधून ती एका ओळीतलं झाड न् झाड पाहून वेचायची. दुसऱ्या बायकांच्या दोन ओळी होत तेव्हा तिची पाव होई. बोंडांची टोकं बोटांना लागत होती आणि दवानं पानं ओली होती.

शेजारची वच्छलाबाई पुढच्या ओळीत होती. अंगानं जाड, मनानं वाईट नाही, फक्त तोंडाला दार नव्हतं.

"लालीबाई, मी म्हन्तो, तुह्यं रक्त बाहेर काढते, मशीनीतून फिरवते अन् वापस टाकते. बरोबर?"

"हो."

"मशीन चालते कायच्यावर? लाइटवर. मंग थोडाफार करंट तं रक्तात येनारच ना, बाप्पा. दे बरं हात."

लालीबाईनं डावा हात पुढं केला. सुया टोचायला सोयीची व्हावी म्हणून डॉक्टरांनी तिच्या मनगटावरची शीर दुसरीला जोडून मोठी केली होती. त्या जागी बोट ठेवलं की आत गुरगुर लागते, सारखी, थांबतच नाही. डॉक्टर म्हणाले होते, ही गुरगुर आहे तोवर चांगलं. वच्छलाबाईनं बोट ठेवलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"पाह्य. झनझन करते. गाडीचं फ्यूज जाईन नाई तं काय होईन?"

बाकीच्या बायकांनीही एकेक करून हात लावून पाहिला. कुणी हसलं नाही. लालीबाई सगळ्यांना हात देत राहिली, जत्रेतल्या गारुड्याच्या पेटीला लोक हात लावून पाहतात तसा. मग ओटी सावरून पुन्हा वेचायला लागली. रूपसिंग शेताच्या कडेला धुऱ्यावर गाठोडं बांधत होता. त्यानं सगळं ऐकलं. असल्या भाकडकथा, असं त्यानं मनात म्हटलं. पण मनाला तेवढं पुरलं नाही.

संध्याकाळी ती चुलीपुढं भाकर टाकत होती. रूपसिंगनं तिच्या मनगटावर हात ठेवला. वर्षभरात शेकडो वेळा ठेवला असेल. रोज सकाळी गुरगुर आहे का ते पाहायचं कामच होतं त्याचं. त्या दिवशी गुरगुर बोटाला लागली आणि हात आपोआप मागं आला. अगदी थोडा. पण लालीबाईनं पाहिलं. तिनं भाकर उलटवली, आणि रूपसिंगला स्वतःची एवढी शरम वाटली की तो गोठ्यात जाऊन उगाच म्हशीपुढं कडबा टाकत बसला.

मंगळवारसाठी त्यानं जे केलं ते त्याला कळत होतं की करू नये. अंकुरनं बजावलं होतं, फ्यूजच्या जागी तार टाकू नका, काका. पण फ्यूज गेला तर नंबर जातो, आणि नंबर गेला तर लाली जाते. असा हिशेब ज्याच्या डोक्यात चालतो त्याला अंकुरचं काय सांगता? त्यानं मोटरपंपाच्या जुन्या वायरीतून तांब्याच्या चार तारा काढल्या, पीळ दिला आणि होल्डरमध्ये दाबून बसवल्या. आता जा म्हणावं कुठं जातो ते.

तांडा सोडून दोन किलोमीटर गेले असतील, बकऱ्यांचा कळप आडवा आला. रूपसिंगनं ब्रेक दाबून धरला. गाडी कचकन थांबली नाही, आचके देऊ लागली, आणि लालीबाईच्या पायाजवळच्या झाकणातून पांढरा धूर आला. प्लास्टिक जळल्याचा वास. तिच्या साडीचा काठ तिथंच होता. ती ओरडली नाही; नुसती बाजूला पडली, गुडघ्यांवर, मुरमात. रूपसिंगनं झाकण ओढून काढलं. होल्डर वितळून मेणासारखा खाली आला होता. त्यानं हातरुमाल गुंडाळून ती तार उपटली, तरी बोटं भाजली.

"लागलं का तुले?"

लालीबाई गुडघ्यावरचे खडे झाडत होती. "लुगड्याले भोक पडलं," ती म्हणाली.

परत येताना रूपसिंग गाडी ढकलत होता आणि ती मागून चालत होती. वीस पावलं चाले, बसे. परत वीस पावलं. चढावर गाडी मागं यायची, तेव्हा तो छातीनं रेटायचा. दोन्हीकडच्या शेतांतून लोक कापूस वेचता वेचता मान वर करून बघत होते. एकानं विचारलं, "काय झालं, रूपसिंग?" दुसऱ्यानंच उत्तर दिलं, "लालीबाई बसली होती ना." रूपसिंगला वाटलं, गाडी इथंच नाल्यात ढकलावी. पण मग शुक्रवारी काय?

घरी आल्यावर ती ओट्यावर टेकून बसली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग म्हणाली, "मी आता त्या गाडीवर बसत नाई."

"नवा होल्डर टाकून आनतो. अंकुर..."

"गाडीचा दोष नाई. माहा आहे. अंकुर माहा होल्डर बदलन का?"

त्यानं दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, मंगळवार चुकला तर शुक्रवार अजिबात चुकवू नका, पाणी अजून कमी करा, आणि दम लागला तर शुक्रवारची वाट पाहू नका, लगेच एकशे आठला फोन करा. रूपसिंगनं हे तीनदा वदवून घेतलं.

बुधवारी नवा होल्डर बसला. गाडी एकट्यानं तांडाभर फिरली, काही नाही. बुधवारी लालीबाईच्या पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि भरून यायला वेळ लागला. डोळ्यांखाली सूज आली. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून ती भिंतीला गाठोडं लावून बसूनच राहिली. रूपसिंग कापसाच्या ओळीत जायचा, दहा बोंडं वेचायचा, परत घरी येऊन दारातून बघायचा. असं दिवसभर. माणसाला काळजीनं काम होत नाही आणि कामाशिवाय काळजी जात नाही.

गुरुवारी सकाळी तो तीन कोसांवरच्या गावी बबनरावांकडं गेला. बबनराव म्हणजे जुने वायरमन, रिटायर झाले तरी आसपासच्या दहा गावांच्या मोटरी त्यांच्याच हातून जायच्या. आता गुडघे गेले होते. ओट्यावर ऊन घेत बसले होते, आणि कोकिळाबाई, त्यांची बायको, तुरीच्या शेंगा सोलत होती. रूपसिंगनं सगळं सांगितलं. करंटाचं मात्र सांगितलं नाही. मग राहवलं नाही आणि तेही सांगितलं.

बबनराव हसले नाहीत. "रूपसिंगभाऊ, मी चाळीस वर्ष लाइटीत काम केलं. तीनदा शॉक बसला. माह्यानं एक बल्ब कवा पेटला नाई. बरं, मले सांग, फ्यूज कुठं कुठं गेला?"

"रपट्यावर. गतिरोधकावर. गाय आली तवा. काल-परवा बकऱ्या आल्या, धूर निघाला तवा."

"उभ्या रस्त्यावर चालता चालता?"

रूपसिंग आठवू लागला. एकेक जागा आठवली. "नाई."

"मंग तू हर टायमाले काय करून राह्यला होता?"

"ब्रेक..." रूपसिंगच्या तोंडातून निघालं आणि तोच चपापला.

"ब्रेक दाबला का मागचा लाल लाइट लागते. त्या वायरीत करंट तवाच येते. दोष तिथं आहे. पन एकटा असला का दिसत नाई, मानूस बसला का दिसते. अंकुरनं काय केलं, पह्यले सीट काढली. दोष ज्याच्यासंग येते त्याले सोडून दोष शोधला तं कसा सापडन?"

कोकिळाबाईनं सूप बाजूला ठेवून आतून एक जुना हेडलाइटचा बल्ब आणला, दोन वायरी जोडलेला. बबनरावांनी समजावलं, "फ्यूज काढ, त्याच्या जागी हा जोड. आता शॉर्ट झालं तरी काही जळनार नाई, बल्ब पेटन. ब्रेक दाबला का मिनमिन करन, त्याले घाबरू नको. भक्कन पेटला का समज, सापडलं. अन् ऐक, लालीबाईले बसवून पाह्य. मंग दुसऱ्या कोनाले तरी बसवून पाह्य. ते विसरू नको."

दुपारी रूपसिंगनं गाडी अंगणात मधोमध उभी केली. फ्यूज काढला, बल्ब जोडला आणि सीटच्या बाजूला टांगला. ब्रेक दाबला. बल्ब मिणमिणला. सोडला, विझला. लालीबाई दारात गाठोड्याला टेकून बघत होती.

"शामेर याडी," त्यानं बंजारा बोलीत, शामची आई म्हणून, हाक मारली, "जरा येऊन बस."

"मी सांगतलं ना."

"चालवत नाई. उभ्या गाडीवर बसाचं. दोन मिनिट."

"लोक जमले."

जमले होतेच. वच्छलाबाई, तिचा नवरा, वेचणीहून आलेल्या बायका, तांड्याच्या नायकाच्या घरचे. तांड्यात अंगणात काही टांगलं की लोक येतात. त्यांना बोलवावं लागत नाही.

"येऊ दे," रूपसिंग म्हणाला. "लाली, मी तुह्या पाया पडतो."

नवऱ्यानं चारचौघांत असं बोलावं हे तिला सहन झालं नाही, म्हणून ती उठली. भिंतीला, मग खांबाला, मग त्याच्या खांद्याला धरून गाडीपर्यंत आली. सुजलेला पाय फुटरेस्टवर ठेवायला त्यानं हातानं उचलून दिला. ती बसली. 

रूपसिंगनं ब्रेक दाबला.

बल्ब भक्कन पेटला. भर उन्हातही डोळ्यांना लागला. कुणाच्या तरी तोंडून "अगगं" निघालं आणि पुढची माणसं दोन पावलं मागं सरकली. रूपसिंगनं पाय काढला, बल्ब विझला. परत दाबला, परत पेटला. लालीबाई त्या उजेडाकडं पाहत होती. ती घाईनं उतरायला गेली, तसं तिनं त्याच्याच शर्टाला धरलं.

"पाह्यलं?" ती हळूच म्हणाली. "आता तरी पाह्यलं?"

 क्षणभर बबनरावांचा एकही शब्द रूपसिंगला आठवेना. तिला ओट्यावर बसवून तो गाडीपाशी आला तेव्हा आठवलं. लोकांकडं तोंड करून म्हणाला, "आता दुसरं कोनी तरी बसा."

कुणी हललं नाही. वच्छलाबाईचा नवरा बिडी शोधू लागला. एक म्हातारा म्हणाला, "गरम सीटवर कायले बसाव." रूपसिंग एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. हेच लोक त्याच्या घरी लग्नात जेवले, हेच त्याच्याबरोबर होळीला नाचले. आणि आता एका सीटवर टेकायला कुणी तयार नव्हतं. त्याला रडू येईल की काय असं वाटलं.

"सरका," वच्छलाबाई म्हणाली. पदर खोचून पुढं आली. "बोलतानी मीच पुढं होती, तं बसतानीबी मीच बसतो. मेली तं माह्या कोंबड्या पाह्यजा."

ती बसली, तशी गाडी बिचारी कण्हली. डोळे घट्ट मिटून तिनं दोन्ही हातांनी सीट पकडली. रूपसिंगनं ब्रेक दाबला. बल्ब भक्कन पेटला.

"पेटला का?" वच्छलाबाईनं डोळे मिटूनच विचारलं.

"पेटला."

"मंग?" तिनं एक डोळा उघडला. "माह्या अंगात कुठला करंट आला? मी तं डोकं दुखलं तरी गोळी खात नाई."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. लालीबाई हसली नाही. पण तिनं मान वर केली आणि ओट्यावरून पहिल्यांदा त्या बल्बकडं नीट पाहिलं.

रूपसिंगनं वच्छलाबाईला उतरवून सीट काढली. ब्रेक दाबला, नुसती मिणमिण. म्हणजे दोष सीटबरोबर येत होता आणि सीटबरोबर जात होता. त्यानं सीट पालथी केली. खोळीचा मागचा काठ खालून दुमडून शिवला होता, आणि त्या दुमडीवर, बरोबर मागं बसणाऱ्याच्या खाली, एक जुनं चाराण्याचं नाणं टाचलेलं होतं. नाण्याच्या कडेला जळल्याचा काळा डाग. गाडीच्या लोखंडी पट्टीवरून लाल लाइटची वायर गेली होती. चिखलाचा थर बोटानं खरवडला तर वायरीवर नखाएवढी चीर आणि आत तांबं. मागं वजन आलं की सीट दबे आणि नाणं त्या चिरेवर अन् लोखंडी पट्टीवर एकदमच बसे; ब्रेकचा करंट थेट पट्टीत उतरे. दोन महिने बसत होतं आणि रोज थोडी थोडी वायर कापत होतं. अंकुरनं ते दीड तास कडुनिंबाला टेकवून ठेवलं होतं.

लालीबाई उठून आली. सीट मांडीवर घेऊन अंगणातच बसली.

"हे माह्या याडीच्या कांचळीचं," ती म्हणाली. तिच्या माहेरी शिवलेल्या प्रत्येक वस्तूला आतून, न दिसेल असं एक नाणं लावायची रीत होती, बरकतीसाठी. "मंग मीच केलं ना."

"टाक्यानं झालं. तुह्या रक्तानं नाई," रूपसिंग म्हणाला.

तिनं ब्लेडनं दोरा कापला, नाणं पदरात बांधलं. रूपसिंगनं वायरीला टेप गुंडाळला, वरून ट्यूबचा तुकडा चढवला, नवा फ्यूज लावला. वच्छलाबाई हौसेनं आणखी तीनदा बसली. काही झालं नाही. लोक पांगले. रूपसिंगच्या डोक्यावरून केवढा भार उतरला होता. त्याला वाटलं, लाली आता चार शब्द बोलेल, निदान वच्छलाबाईला शिव्या तरी घालेल. पण ती आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. हे काय नवीन, म्हणून त्याला पुन्हा धास्ती लागली.

शुक्रवारी तो पाचला उठला. लालीबाई तयार व्हायला फार वेळ लावत होती. पिशवीत ठेवलेली चादर काढून पुन्हा घडी घातली. फाईल शोधली, ती हातातच होती. सहाला ती बसली आणि ते निघाले. बकऱ्यांच्या जागी रूपसिंगनं मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी चालू. रपट्याच्या उतारावर चालू.

"पाह्यलं का? काहीच नाई," त्यानं मागं मान वळवून सांगितलं. "आठच्या आत पोचतो आज."

रपटा ओलांडून गाडी चढाला लागणार, तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"थांबवा."

 त्यानं आधी हिरव्या दिव्याकडं पाहिलं. दिवा होता, इंजिन चालू होतं. "काय झालं? दम लागला?"

"नाई. मले उतरू द्या."

रपट्याच्या कठड्यावर ती बसली. खाली नाल्यात थोडं पाणी होतं, त्यावर धुकं. तिचा श्वास ऐकू येत होता. रूपसिंग गाडी तशीच घुरघुरत ठेवून उभा राहिला.

"इथं गाडी बंद पडली होती मांगं," ती म्हणाली. "तुमी किती घाबरले. मले बरं वाटलं."

"काय?"

"बरं वाटलं. हर खेपेले. दोन सुया, एवढ्या जाड. चार घंटे हालाचं नाई. वापस आलं का अंगात जीव नाई. मी तोंडानं नाई म्हनू शकत नाई, तुमी एवढं करता. पन गाडीच बंद पडली, तं माहा काय दोष? असं वाटे, सुट्टी भेटली." तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "आता तं गाडीबी नीट झाली."

रूपसिंगनं हॉर्नपासून बॅटरीपर्यंत सगळं खोलवून पाहिलं होतं. हे त्याला कुठंच दिसलं नव्हतं. त्याला राग आला, मग रागाची लाज वाटली, मग नुसती भीती उरली. त्यानं चावी बंद केली आणि तिच्या शेजारी बसला.

 वेचणीच्या बायकांनी भरलेला ट्रॅक्टर रपट्यावरून गेला.

"मंग वापस जाऊ?" तो म्हणाला. खरंच विचारत होता. 

"तुमाले काय वाटते?"

"मले वाटते, तू असली पाह्यजे घरात. बस, एवढंच वाटते. पन सुई तुले टोचते. मले नाई टोचत."

लालीबाई पाण्याकडं बघत बसली. ऊन कठड्यावर आलं, तिच्या सुजलेल्या पावलांवर आलं. रूपसिंगनं घड्याळ पाहिलं नाही. पाहावंसं फार वाटत होतं. शेवटी तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, जोर दिला आणि उठली.

"चला. नंबर जाईन."

ती बसली. त्यानं तिचा पाय उचलून फुटरेस्टवर ठेवला.

"पुढच्या खेपेलेबी मी असंच म्हनन," ती मागून म्हणाली. "हर खेपेले थांबा लागन इथं."

"थांबू," रूपसिंग म्हणाला, आणि चावी फिरवली.

गाडी त्यानंतर पुन्हा बंद पडली नाही. तांड्यातले लोक मात्र अजून विचारतात की आता फ्यूज जात नाही, तर ही दोघं पहिल्यापेक्षा अर्धा तास आधी काहून निघतात.